आयत्या वेळचा विषय

९ जानेवारी

वहिनी, नमस्कार. साष्टांग घालायची इच्छा आहे, पण कंबर परवानगी देत नाही. तेव्हा उभ्या उभ्याच.

मंगळवारची पेटी मिळाली. कानाचे सातही साचे शाबूत आले. कारागिरांनी कामाला घेतले आहेत, पुढच्या शुक्रवारी परत पाठवतो. पोरांच्या कानात ऐकायची मशीन नीट बसली पाहिजे, नाहीतर शिट्ट्या वाजतात, हे आता मलासुद्धा पाठ झालंय. टेलिफोन खात्यात अठ्ठावीस वर्षं तारा जोडल्यावर तुमच्या संस्थेत हिशेब आणि साचे सांभाळायला येईन असं कोणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्याच्या बैठकीहून परत जाताना दोन केंद्रप्रमुखांची बस धुक्यात बंद पडली आणि ते चौदा तास रस्त्यावर बसून होते, हे तुम्हाला कळलंच असेल. अध्यक्षबाईंनी ते मनाला लावून घेतलं. त्यांनी ठरवलंय की पाच केंद्रांच्या पाच माणसांनी दर महिन्याला हाडं खिळखिळी करून इथे यायचं बंद. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बैठक, आपापल्या केंद्रात बसून, पडद्यावर. व्यवस्था अर्थातच माझ्या गळ्यात.

मोठ्या कंपन्यांकडे भिंतीएवढे पडदे असतात. आपल्याकडे पाच जुने लॅपटॉप, बाजारातून आणलेले पाच साधे कॅमेरे आणि एक माइक आहे. माइक कोळ्यासारखा दिसतो, त्याला टेबलाच्या मध्यभागी ठेवायचं. मीटिंगचं ॲप फुकटातलं घेतलंय, दर चाळीस मिनिटांनी ते आपल्याला हाकलून देतं. परत आत शिरायचं. तेवढ्यात चहा होईल.

तुमच्या केंद्रात नेटवर्क कुठे चांगलं येतं ते बघून कळवा. तुमचे अकरा तासांचे हाल वाचतील, याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे. दादाला सांगा, बायको आता महिन्यातून दोन दिवस घराबाहेर राहणार नाही, तुमची स्वयंपाकाची सुट्टी मात्र गेली.

तुमचा,
भाऊजी


२० जानेवारी

भाऊजी, अनेक आशीर्वाद.

तुमच्या कंबरेला एक वेगळा.

नेटवर्कचं विचारलंत. आपलं केंद्र चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्यांत आहे, हे तुम्ही पाहिलंय. आतल्या खोलीत तपासणीची बंद पेटी, तिथे काहीच येत नाही, येऊही नये. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी दोन काड्या दिसतात. जिन्यात चार. आता जिन्यात बसून बैठक करायची का, ते तुम्ही ठरवा.

खरं सांगू का, मला हे फारसं पटलेलं नाही. अकरा तासांचा प्रवास मला कधी जड वाटला नाही. तुमच्या गोल टेबलाभोवती बसलं की माणूस काय म्हणतोय ते कळतं. पडद्यावर माणसं अर्धी दिसतात आणि आवाज कुठून येतो ते समजत नाही. महिन्यातून एकदा मी येतेच, बाकीच्यांनी पडद्यावर यावं, असं चालेल का ते अध्यक्षबाईंना विचारा.

एक काम बैठकीत घ्या. नदीपलीकडच्या वस्तीतला आपला वर्ग शुक्रवारी भरतो. पाणीपुरवठ्याच्या पंपघराशेजारची खोली आहे. पंप चालू असला की भिंतीसुद्धा घुमतात, म्हणून पंपवाले आमच्यासाठी दोन तास पंप बंद ठेवतात. पण शुक्रवारी वस्तीला पाणी सोडायचा दिवस असतो आणि लोक त्या बिचाऱ्यांना शिव्या घालतात. बुधवारी त्यांची काही अडचण नाही. वर्ग बुधवारी करायला मंजुरी हवी. नऊ मुलं आहेत. त्यातली एक, मी तिला भिंगरी म्हणते, कारण ती एका जागी पाच मिनिटं बसत नाही, परवा आरशात बघून स्वतःचे ओठ हलवत होती. अजून आवाज नाही, पण ओठ बरोबर.

आणि फोन करत जाऊ नका. परवा तुम्ही तीनदा केलात म्हणे, हे सांगत होते. फोनवरचं माझ्या लक्षात राहत नाही. लिहून पाठवलंत की हाताशी राहतं.

वहिनी


६ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

पहिली बैठक पार पडली, पार पडली म्हणजे पडली आणि उठली. डोंगरावरच्या केंद्राच्या बाई खिडकीला पाठ करून बसल्या होत्या, त्यामुळे तास-दीड तास आम्ही एका काळ्या सावलीशी बोललो. अध्यक्षबाईंचं फक्त कपाळ दिसत होतं. तुम्ही जिन्यात बसून पडद्याला नाक लावलं होतंत. मी म्हटलं, वहिनी आता बाहेर येतात की काय.

तुमची मागणी अध्यक्षबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "पहिल्याच बैठकीला कोणी पडद्यावर नाही, असं कसं चालेल? एकाला सूट दिली की पाचांना द्यावी लागेल." त्यांचंही चूक नाही.

मी मात्र एक शोध लावलाय. चित्र सारखं गोठत होतं, माणसं तोंड उघडून थिजत होती आणि दोन केंद्रांचा डेटा एका बैठकीत संपला. सगळा खाऊ चित्रच खातं. आवाजाला पोटभर मिळालं की तो बिचारा कुठेही पोचतो. तेव्हा मी असं ठरवलंय की पुढच्या बैठकीपासून सगळ्यांनी कॅमेरे बंद ठेवायचे. काम बोलण्याने होतं, चेहरे सगळ्यांचे सगळ्यांना पाठ आहेत. अध्यक्षबाईंना हे एकदम पसंत पडलं, विशेषतः कपाळाचं कळल्यावर.

तुमचा बुधवारचा विषय मार्चच्या विषयपत्रिकेत तिसरा घातलाय. प्रत सोबत.

दादाशी परवा फोनवर बोललो. तो म्हणाला, हल्ली तुम्ही दमता. बोललेल्याकडे लक्ष नसतं. तब्येत दाखवली का?

भाऊजी


१७ फेब्रुवारी

भाऊजी,

तब्येत उत्तम आहे. तुमच्या बंधूंना दुपारी झोप लागली नाही की त्यांना सगळं जग दमलेलं दिसतं.

विषयपत्रिका मिळाली. फक्त एक विनंती. कॅमेरे बंद करू नका. डेटा जास्त लागतो तर बैठक अर्ध्या तासाची करा, पण माणसं दिसू देत. चेहरा दिसला की बरं वाटतं. आपण मुलांना दिवसभर सांगतो, माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ, आणि आपणच एकमेकांकडे न बघता बोलायचं, हे विचित्र आहे.

धाकट्या बाई, म्हणजे केंद्रातल्या माझ्या मदतनीस, आता तपासणी एकटीने करू लागल्यात. हात हलका आहे, मुलं रडत नाहीत. त्यांचं नेमणुकीचं पत्र पक्कं करायचं बघा.

साचे चार पाठवलेत. हिरव्या डबीतला नाजूक आहे.

वहिनी


६ मार्च

वहिनी,

शनिवारपासून हे पत्र तीनदा लिहिलं आणि फाडलं. पंधरा वर्षं तुम्ही त्या नदीपलीकडे जाताय. पाऊलवाट होती तेव्हापासून. म्हणून जे झालं ते मला अजून नीट गिळता आलेलं नाही. पण निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही तो सगळ्यांसमोर मोकळेपणाने दिलात, तेव्हा मी वाद घालत नाही.

तिसऱ्या विषयापर्यंत आपण पोचलोच नाही, कारण चाळीस मिनिटं झाली आणि सगळे बाहेर फेकले गेले. परत आल्यावर अध्यक्षबाईंनी आयत्या वेळचा विषय घेतला. तुमच्या केंद्रावर भार जास्त आहे, दोन माणसांत सहा वर्ग होतात. त्यांनी विचारलं, "नदीपलीकडचा वर्ग बंद करायचा का?" मला वाटलं, आता तुम्ही कडाडणार. तुम्ही म्हणालात, "हो, चालेल. माझी कधीपासूनची तीच इच्छा होती."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "नक्की ना?" तुम्ही म्हणालात, "नक्की. पंपवाल्यांनाही सोयीचं होईल."

इतिवृत्तात नोंद झाली, प्रत सोबत आहे. पालकांना पत्रं मी सोमवारीच परस्पर इथून पाठवली. तुमच्यावर ते कटू काम पडू नये, एवढाच हेतू. मुलांनी आता केंद्रात यायचं, असं त्यात लिहिलंय. नदीपलीकडून दोन बस बदलून किती जण येतील ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

विश्रांती घ्या. दमला असाल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

भाऊजी


१० मार्च

भाऊजी,

इतिवृत्ताची प्रत मिळाली. नोंद बरोबर आहे. मी तसं म्हणाले.

पेटीत साचा नाही. रिकामी पाठवू नये म्हणून धुतलेल्या डब्या परत करते.

वहिनी


१३ मार्च

वहिनी, नमस्कार.

तुमची चार ओळींची चिठ्ठी वाचली. इतक्या वर्षांत तुम्ही मला एका पानापेक्षा कमी कधी लिहिलं नव्हतं. म्हणून मी एक आगाऊपणा केला.

आपल्या बैठकी त्या लॅपटॉपमध्ये साठवल्या जातात. मी मार्चची बैठक पुन्हा ऐकली. दोनदा. माणूस म्हणून नाही, लाइनमन म्हणून. माझ्या लक्षात आलं की घोटाळा त्या एकाच वाक्यात नाही. अध्यक्षबाईंनी विचारलं, "तिकडे वीज आहे का?" तुम्ही म्हणालात, "नऊ." डोंगरावरच्या बाई म्हणाल्या, "माझी बदली करा." तुम्ही त्यांचं अभिनंदन केलंत. तेव्हा सगळे हसले होते, आम्हाला वाटलं तुम्ही थट्टा करताय.

वहिनी, तुमच्या बाजूची लाइन खराब आहे. शब्द अर्धे कापले जात असणार. तुम्ही बिचाऱ्या अंदाजाने उत्तरं देत होतात आणि संकोचामुळे सांगितलं नाहीत. असं असेल तर तो ठराव ठरावच नाही, तांत्रिक दोषावर मी तो रद्द करून घेतो. पण त्यासाठी दोष हातात हवा.

सोबत चांगला हेडफोन आणि लांब वायर पाठवतोय. जिन्यात बसू नका, खालच्या चष्मेवाल्यांना विचारा, त्यांच्या इंटरनेटच्या डबीतून वायर वर घ्या. आमच्या खात्यात लाइन तपासायची जुनी रीत होती. एका टोकाचा माणूस वीस शब्द वाचायचा, दुसऱ्या टोकाचा ऐकेल ते लिहायचा. मग कागद ताडून बघायचे. शनिवारी, बावीस तारखेला, सकाळी अकरा वाजता मी वीस शब्द वाचतो. तुम्ही ऐकू येतील तसे लिहा आणि कागद पेटीतून पाठवा. अंदाज करू नका. ऐकू आलं नाही तर रेघ मारा. कॅमेरा बंदच राहू दे, सगळी ताकद आवाजाला मिळू दे.

भाऊजी


२४ मार्च

भाऊजी,

पाकिटात दोन कागद आहेत. निळ्या शाईचा माझा. पेन्सिलीचा तुमच्या बंधूंचा.

तुम्ही शनिवारी शब्द वाचलेत तेव्हा मी हेडफोन लावून वीसही लिहिले. मग मी तुम्हाला म्हणाले की पुन्हा एकदा वाचा, खात्री करते. तेव्हा तोच हेडफोन मी यांच्या कानांवर चढवला आणि पेन्सिल हातात दिली. वायर तीच, डबी तीच, तुमचा आवाज तोच. त्यांचे एकोणीस बरोबर आले असावेत. विसावा त्यांच्या अक्षरामुळे मला वाचता येत नाही. माझे तुम्ही ताडून बघालच. यांच्या कागदाशी ताडलं तर 'पान'च्या जागी मी 'मान' लिहिलंय, 'सकाळ'च्या जागी 'आभाळ', आणि आठ ठिकाणी रेघ आहे.

तुमची लाइन चांगली आहे, भाऊजी.

अशी यादी वाचून आम्ही केंद्रात रोज माणसांचे कान तपासतो. तुम्हाला ते माहीत नव्हतं, आणि तुम्ही माझी तपासणी केलीत. मी ती टाळू शकले असते. लाइन खराब आहे असं लिहिलं असतं तर तुम्ही ठराव रद्द करून आणला असता आणि सगळं झाकलं गेलं असतं. दोन दिवस मी तोच विचार करत होते.

दोन वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी मी स्वतःच आतल्या पेटीत बसून माझ्या ऐकण्याचा आलेख काढला होता. तो बघितला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. समोर माणूस असला की मी ओठांवरून निभावते. तीस वर्षं मुलांना तेच शिकवलंय, मलाही येतं. तुमच्या गोल टेबलाभोवती मला सगळ्यांचे ओठ दिसायचे. म्हणून मला ते अकरा तास जड वाटत नव्हते. यांना सगळं ठाऊक आहे. फोन तेच घ्यायचे. तुम्हाला त्यांनी मी दमते असं सांगितलं, कारण मी त्यांना तसं सांगायला लावलं होतं.

कोणाला सांगितलं नाही, कारण बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारी बाईच बहिरी आहे, हे कळल्यावर कोण आई आपलं मूल माझ्याकडे पाठवेल? आणि ती भीती अगदी खोटीही नव्हती. भिंगरी 'साखर'ला 'ताखर' म्हणायची. मला 'साखर'च ऐकू यायचं, कारण मला तेच ऐकायचं असायचं. धाकट्या बाई माझ्या पाठीमागे ते दुरुस्त करत होत्या. मला न दुखवता. हे मला फेब्रुवारीत कळलं.

आता मार्चचं सांगते. तुमचा तिसरा विषय माझ्यासमोर कागदावर होता. 'वर्ग' ऐकू आला, मग 'ब' ऐकू आला, मग 'करायचा का'. मी मधला शब्द स्वतः भरला. बुधवारी. वर्ग बुधवारी करायचा का? माझी तीच इच्छा होती.

रविवारी पंपवाल्यांना निरोप धाडला की मंजुरी मिळाली, बुधवारी पंप बंद ठेवा. बुधवारी, पाच तारखेला, मी पाट्या, आरसे, फुंकर शिकवायची पिसं सगळं घेऊन गेले. पंप बंद होता. खोलीत मुलं नव्हती, आया होत्या. पाच जणी. प्रत्येकीच्या हातात तुमचं पत्र होतं, त्याच सकाळी पोचलेलं. भिंगरीच्या आईने ते मला वाचून दाखवलं. ती सावकाश वाचते, त्यामुळे ओठ स्पष्ट हलतात. 'बाईंच्या स्वतःच्या इच्छेनुसार.' मग तिने विचारलं, "बाई, आमचं काय चुकलं?"

त्या वेळी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "बघते, वरच्या लोकांशी बोलते." आणि सामान उचलून परत आले. तुमच्यावर ढकललं, भाऊजी. तुम्हाला चार ओळी लिहिल्या त्या त्यानंतर.

आता काय करायचं ते करा. राजीनामा लिहून ठेवलाय, पण तो या पेटीत घातलेला नाही.

वहिनी


२७ मार्च

वहिनी,

दोन्ही कागद ताडून पाहिले. दादाचा विसावा शब्दही बरोबर आहे. तुमचे सात.

राजीनामा पेटीत घालू नका. पेटी कानाच्या साच्यांसाठी आहे.

तुम्ही एवढं लिहिलंत, तेव्हा मलाही एक गोष्ट लिहिणं भाग आहे. तो आयत्या वेळचा विषय अध्यक्षबाईंचा नव्हता. माझा होता. दादा म्हणाला की तुम्ही दमता, लक्ष नसतं. मला वाटलं, वहिनींचं वय झालं, त्या स्वतःहून काही म्हणणार नाहीत. मी बैठकीच्या आदल्या दिवशी अध्यक्षबाईंच्या कानावर घातलं की तेवढा वर्ग कमी केला तर त्यांना बरं पडेल, पण माझं नाव नको. तुम्ही 'हो' म्हणालात तेव्हा मला धक्का बसला हे खरं, पण आत कुठेतरी बरंही वाटलं, की आपण बरोबर ओळखलं होतं. पत्रात मी फक्त धक्क्याचं लिहिलं.

आणि कॅमेऱ्याचं. तुम्ही लिहिलं होतंत, माणसं दिसू देत. मी ते हळवेपण समजलो. तुमचं उरलंसुरलं ऐकणं मी डेटा वाचवायला बंद केलं. टेलिफोनवाल्याला आवाजापलीकडे काही सुचत नाही, एवढंच म्हणतो. माफी तोंडाने मागेन, तुम्हाला ओठ दिसतील अशी.

आता कामाचं. पाच एप्रिलला बैठक आहे. मी कोणाला काही सांगितलेलं नाही आणि तुमच्या परवानगीशिवाय सांगणारही नाही. ते तुम्हीच सांगावं असं मला वाटतं. न सांगता फक्त ठराव फिरवून घेतला, तर पुढच्या महिन्यात दुसरा कुठला तरी शब्द मधेच गळेल.

मी इतकं करून ठेवतो. कॅमेरे चालू. प्रत्येक केंद्राला टेबलावरचा एकेक दिवा, तो चेहऱ्यावर पडेल असा. खिडकीला पाठ करायची नाही. एकाने हात वर करायचा, बाकीच्यांनी गप्प. जे बोललं जाईल ते मी इथे बसून टाइप करत जाईन, ते सगळ्यांना पडद्याच्या कडेला दिसेल. माझा टायपिंगचा वेग बैलगाडीचा आहे, म्हणून लोकांना सावकाश बोलावं लागेल. त्याने कोणाचं वाईट होणार नाही. डेटा जास्त लागेल तो लागू दे. फुकटाचं ॲप तेच राहील, चाळीस मिनिटांत मुद्द्याचं बोललं की पुरतं.

भाऊजी


२८ एप्रिल

भाऊजी, अनेक आशीर्वाद.

पाच तारखेची बैठक तुम्ही पाहिलीच. पण माझ्या बाजूने कशी दिसली ते सांगते. तुम्ही पाचही चौकटी उजळवल्या होत्या आणि मी हात वर केला. हात खाली घ्यायचं राहून गेलं. सगळं सांगून होईपर्यंत तो वरच होता, हे नंतर यांनी सांगितलं. मी संपवल्यावर सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं की पडद्यावर बघणं पुरतं. डोंगरावरच्या बाई म्हणाल्या, "मग माझं अभिनंदन का केलंत ते कळलं." हसले सगळे. मीही हसले, कारण तुम्ही ते वाक्य टाइप केलं होतं, तेही 'अभिनदन' असं.

अध्यक्षबाईंनी ठराव मागे घेतला, वर्ग बुधवारी केला. शिवाय त्यांनी अट घातली, की तिथे उच्चार मी एकटीने तपासायचे नाहीत, धाकट्या बाई सोबत हव्यात. मला ते लागलं. पण योग्य आहे. मीही दुसऱ्या कोणासाठी हेच म्हटलं असतं.

मशीन बसवली. धाकट्या बाईंनीच माझ्या कानाचा साचा घेतला. त्यांचा हात कापत होता, मी म्हटलं, "रडणाऱ्या पोरांना कापत नाही, मला का कापतो?" त्या म्हणाल्या, "पोरं माझ्या चुका काढत नाहीत." आता घरात मला कळतंय की तुमचे बंधू चालता चालता सतत काहीतरी पुटपुटत असतात. दोन वर्षं मला वाटायचं की ते शांत झालेत. पडद्यावरच्या बोलण्याला मशीन अजून पुरत नाही, तिथे ओठ आणि तुमची बैलगाडी दोन्ही लागतात. समोरच्या माणसाला पुष्कळ पुरते.

नदीपलीकडे नऊ तारखेपासून जातो आहोत. नऊपैकी सहा परत आली. एक कुटुंब गाव सोडून गेलं. एकाच्या बापाने सांगितलं की आता दुसरीकडे नाव घातलंय, धरसोड नको. भिंगरीही येत नव्हती. तिच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं, कानातली मशीन दाखवली. तिच्या आईने ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि चुलीकडे वळली. मला वाटलं, संपलं.

गेल्या बुधवारी वर्ग सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. ती दारात उभी राहिली, मुलीचा हात धरून. आत आली नाही. म्हणाली, "बाई, तुम्हाला ऐकू आलं नाही, तरी तुम्ही हो म्हणालात."

मी म्हटलं, "हो."

"माझी मुलगी दिवसभर हेच करते. दुकानात, शेजारी, आजीकडे. काही कळत नाही, तरी मान हलवते आणि हसते. लोक म्हणतात गुणी आहे. मला भीती वाटते. उद्या मोठी झाली, कोणी काहीही विचारलं आणि हिने मान हलवली तर?" मग म्हणाली, "तुम्हाला आता ते काय असतं ते ठाऊक आहे. अक्षरं नंतर शिकवा. आधी हिचं हे मोडा."

तीस वर्षांत मी ते कोणालाच शिकवलं नव्हतं, भाऊजी. उलट मान हलवणाऱ्या मुलाला मी शाबासकी देत आले.

पिसं आणि आरसे पिशवीत टाकले. धाकट्या बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'परत सांगा', आणि आम्ही दोन तास तेवढंच केलं. मी मुद्दाम तोंडावर हात धरून काहीतरी विचारायचे, सवयीने मुलं मान हलवायची, मग धाकट्या बाई त्यांना थांबवायच्या. मग आम्ही उलटं केलं. मुलं तोंड झाकून बोलायची आणि मी म्हणायचे, परत सांगा. त्यांना याची फार गंमत वाटली. बाईंना कळत नाही, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

दोन तास झाले, पंपवाले किल्ली घेऊन आले. सगळी चपला शोधायला लागली. मी भिंगरीला पाठमोरीच म्हटलं, पुढच्या बुधवारी वही आण. वळून बघितलं तर मान हलायला लागली होती. अर्ध्यात थांबली. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जाडसर आवाजात, जोर लावून ती म्हणाली, "परत सांगा."

मी तिच्यासमोर बसले आणि परत सांगितलं.

वहिनी